घरात नसलेला हेल

माझं काम लोकांना पुन्हा बोलतं करण्याचं. अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेली माणसं, घशाचं ऑपरेशन झालेली माणसं, क्वचित अडखळत बोलणारी मुलं. सकाळी नाशिकमधल्या माझ्या खोलीवर पेशंट येतात, आणि ज्यांना हलता येत नाही त्यांच्याकडे दुपारी मी स्कूटरवर जाते. जिल्ह्यातली किती तऱ्हेची बोलणी माझ्या कानांवरून गेली असतील, ते मला सांगता येणार नाही.

आणि माझी एक खोड आहे. मी ज्याच्याजवळ बसते त्याचा हेल मला लागतो. सर्दी लागावी तसा. ते मी मुद्दाम करत नाही, मला ते कळतही नाही. आपला आवाज आपल्याला आतून ऐकू येतो ना, त्यामुळे त्यात काय मिसळलंय हे दुसऱ्यानं सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही. शाळेत माझ्या बाकावर पेठ तालुक्याकडची एक मुलगी बसायची. थोड्याच दिवसांत मी तिच्यासारखी बोलायला लागले आणि बाईंना वाटलं, मी तिला वेडावते आहे. मला वर्गाबाहेर उभं केलं. मधल्या सुट्टीत ती मुलगी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली होती, "तू तशीच बोलत जा. मला घरच्यासारखं वाटतं."

हे आधी सांगते आहे, कारण ओझरच्या त्या घरात जे झालं ते या खोडीमुळेच झालं. दुसरं काही नाव मला त्याला देता येत नाही.

फोन आला तो दसऱ्यानंतर. बोलणारा मयुरेश नावाचा तरुण होता. स्वच्छ, शांत, शहरी मराठी.

"मॅडम, बाबांना झटका येऊन बरेच महिने झाले. हातपाय थोडे सुधारलेत. पण बोलणं अजिबात नाही. डॉक्टर म्हणतात, त्यांना कळतंय सगळं. गिळायलाही त्रास नाही. पण ते प्रयत्नच करत नाहीत. हल्ली तर जेवायलाही तोंड उघडत नाहीत." मग म्हणाला, "आई गेली आणि त्याच महिन्यात त्यांना हे झालं."

मी दुसऱ्या दिवशी दुपारी निघाले. ओझरच्या थोडं पुढे महामार्ग सोडून आत वळलं की द्राक्षबागांमधून एक अरुंद डांबरी रस्ता जातो. छाटणी नुकतीच झालेली होती. वेली उघड्याबोडक्या, कापलेल्या काड्यांचे ढीग बांधावर, आणि हवेत औषधफवारणीचा उग्र वास. रस्त्याच्या टोकाला ते घर. स्लॅबचं, साधं, पुढे ओटा आणि दोन पेरूची झाडं. मयुरेशचे वडील, मोतीराम काका, विमानाच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले होते आणि सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. कारखान्याच्या कॉलनीतलं क्वार्टर सोडल्यावर त्यांनी हे घर बांधलं. मयुरेशची नोकरी लॅपटॉपवरची, तो दिवसभर वरच्या खोलीत असायचा. लग्न केलेलं नव्हतं. घरातलं सगळं मालनबाई बघायच्या. त्या दिंडोरीकडच्या. कॉलनीत असल्यापासून या घरात कामाला.

काकांची कॉट हॉलमध्ये होती, स्वयंपाकघराच्या दारासमोर. मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. त्यामुळे स्वयंपाकघराचं दार माझ्या पाठीशी आलं. पुढे सगळे दिवस मी तिथेच बसत होते.

काका उंच, रुंद हाडाचे. दाढी कोणीतरी रोज नीट करत असावं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, नमस्कारासाठी डावा हात थोडा उचलला आणि मग डोळे खिडकीकडे वळवले. मी त्यांना चित्रं दाखवली, ओठ मिटून 'म' म्हणायला सांगितलं, एक ते दहा आकडे माझ्याबरोबर गुणगुणायला सांगितले. असा झटका आलेल्या माणसाच्या डोक्यात शब्द असतात, पण तोंडापर्यंतचा रस्ता सापडत नाही. कधी कधी गाण्याच्या, आकड्यांच्या आडवाटेनं एखादा शब्द बाहेर येतो. काका ऐकत होते. पण रस्ता शोधायची त्यांची इच्छाच नव्हती. कारखान्याचं एखादं विमान चाचणीसाठी घरावरून गेलं की सगळं बोलणं त्या आवाजात बुडून जायचं, तेवढ्यापुरतं त्यांचं एक बोट वर उठायचं. दुसरं काही नाही.

निघताना मालनबाई पायरीपर्यंत आल्या. "ताई, लय चांगला मानूस हाय. बोलला नाय तरी चालंल, पन जेवाया पायजे."

मी आठवड्यातून तीन-चार दुपारी जायला लागले.

ते घर दुपारी फार शांत असे. वर मयुरेशच्या खोलीचं दार बंद. मालनबाई मागच्या पडवीत सुपारी कातरत बसलेल्या, नाहीतर डुलकी घेत. भिंतीवरचं घड्याळही बंद पडलेलं. आणि त्या शांततेत मला कधी कधी खमंग वास यायचा. तव्यावर लसूण आणि मिरच्या भाजल्याचा. मला वाटायचं, मालनबाईंनी काहीतरी टाकलं असेल. एकदा पाणी प्यायला म्हणून मी आत गेले तर शेगडी थंडगार होती. ओटा पुसून कोरडा केलेला. काकांमुळे या घरात मऊ भात आणि पेजेशिवाय बरेच महिने काही शिजतच नव्हतं.

एका रात्री जेवताना मी आल्हादला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, भाजी वाढली आणि म्हटलं, "आखो थोडं खाई ल्या."

त्यानं मान वर केली. "हे कुठलं?"

"काय कुठलं?"

"खाई ल्या. अहिराणी आहे ना हे? आमच्या ऑफिसात सटाण्याचा एक जण आहे, तो असं बोलतो फोनवर बायकोशी. कोण नवीन पेशंट मिळालाय तिकडचा?"

त्याला माझी खोड ठाऊक आहे. लग्नाच्या आधीपासून तो ओळखत बसायचा की आज मी कुणाकडे जाऊन आले. मी हसले, म्हटलं, असेल कोणीतरी. पण अंथरुणावर पडल्यावर मी आठवायला लागले. गंगापूर रोडच्या निवृत्त मास्तरीणबाई. पंचवटीतला अडखळत बोलणारा मुलगा. मखमलाबादच्या फुलं पिकवणाऱ्या आजी. सटाण्याकडचं त्यात कोणीच नव्हतं.

मग ते वरचेवर व्हायला लागलं. आईचा फोन आला आणि मी म्हणाले, "माले वेळ नव्हता." आई म्हणाली, "माले काय गं?" भाजीवाल्याशी बोलताना माझ्या वाक्यांच्या शेवटी 'आहे'च्या जागी 'शे' यायला लागलं. आणि नुसते शब्दच नाहीत. माझ्या वाक्यांची चालच बदलत होती. शब्दाच्या शेवटी आवाज थोडा खाली ठेवायचा, जसं भरलेलं भांडं जपून ठेवावं तसा. हे मी कोणाकडून तरी घेत होते, आणि खूप जवळून घेत होते.

कुठून, ते मला एका दुपारी काकांच्या समोर बसलेली असताना कळलं.

त्यांना चमच्यानं पेज भरवायचा प्रयत्न मी स्वतः करत होते. त्यांनी तोंड मिटून घेतलं होतं. मी काहीच विचार न करता म्हटलं, "थोडं तरी खाई ल्या ना."

काकांनी तोंड उघडलं.

त्यांनी तो चमचा घेतला, मग दुसरा घेतला. वाटी संपेपर्यंत ते खात राहिले. पण ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या उजव्या खांद्याच्या थोडं वर, मागे, स्वयंपाकघराच्या दाराकडे त्यांची नजर लागली होती. आणि ती हलत नव्हती.

मी वळून बघितलं. दार उघडं. आत ओटा, फडताळ, खिडकीतून आलेलं ऊन. कोणी नाही.

मग मी वाटी खाली ठेवली आणि नीट विचार केला. मालनबाई 'हाय' आणि 'नाय' म्हणतात. मयुरेश माझ्यासारखंच बोलतो. काका तर बोलतच नाहीत. मला सर्दीसारखा लागतो तो हेल कोणाजवळ तरी बसल्यानं लागतो. या घरात मी कोणाजवळ बसत होते?

दिवाळीत मी जाणं बंद ठेवलं. खरं सांगायचं तर कारण दिवाळी नव्हतं. दोन-तीन दिवसांत माझं बोलणं पूर्वीसारखं झालं. आल्हाद म्हणाला, "आली परत आमची संपदा." मला वाटलं, आता नाहीच जायचं. पण मयुरेशचा फोन आला. काकांनी पुन्हा जेवण सोडलं होतं. "तुम्ही भरवता तेव्हाच खातात, मॅडम," तो म्हणाला. एवढंच म्हणाला तो, गळ घातली नाही. मला राहवलं नाही.

त्या दुपारी मी खुर्चीवर बसले, पहिलं वाक्य माझ्या आवाजात बोलले, दुसरं बोलले. मग मागून तो लसणाचा वास आला. आणि तिसऱ्या वाक्याला मी म्हणाले, "कसं वाटी राह्यनं आते?"

पडवीच्या दारात मालनबाई उभ्या होत्या. हातातला अडकित्ता तसाच. 

"ताई..." त्या अगदी हळू म्हणाल्या. "तुमी बाईंना कधी पाह्यलं व्हतं का?"

"कोणत्या बाईंना?"

"आमच्या बाई. नवसाबाई. साहेबांच्या..."

मी नाही म्हटलं. मालनबाई खाली बसल्या. काका दाराकडे बघत होते. मालनबाईंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि मला खुणेनं पडवीत बोलावलं.

नवसाबाई सटाण्याच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या. लग्न होऊन कॉलनीत आल्या तेव्हा त्यांना अहिराणीशिवाय काही येत नव्हतं. कॉलनीत सगळ्या देशातली माणसं. हळदीकुंकवाला बायका जमल्या की नवसाबाईंना मुद्दाम बोलायला लावायच्या आणि त्या 'शे' म्हणाल्या की हसायच्या. वाईट नव्हत्या त्या, मालनबाई म्हणाल्या, नुसती गंमत करायच्या. काका पण हसले होते एकदा, सगळ्यांच्या देखत. त्यानंतर नवसाबाई गप्प राहायला लागल्या. मग हळूहळू कॉलनीतलं बोलणं शिकल्या. मुलगा झाला तेव्हा त्याच्याशी पहिल्यापासून शुद्ध बोलल्या. त्याला कोणी हसू नये म्हणून.

"मंग ते बोलनं गेलं कुठं?" मालनबाई म्हणाल्या. "गेलं नाय ताई. दुपारच्याला साहेब कारखान्यात, पोरगा शाळंत, का बाई वट्यापाशी उभ्या राहून एकट्याच बोलायच्या. भाकरी करता करता. मिरच्या भाजता भाजता. कुनाशी ते त्यांनाच म्हाईत. मी आले तरी थांबायच्या नायत, माझा त्यांना परकेपना नव्हता. पन साहेबांची सायकल वाजली का गप." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "तुमी बोलले ना आता, ते शब्द नुसते नाय. ते त्यांचं बोलनं हाय. तसाच आवाज खाली ठेवायच्या."

मी घरी आले ती घाबरलेली. त्या संध्याकाळी मी स्वयंपाक करत होते. आल्हाद बाहेर काहीतरी वाचत होता. थोड्या वेळानं तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"संपदा, कोणाशी बोलतेस?"

मी कोणाशीच बोलत नव्हते. निदान मला तसं वाटत होतं.

"बराच वेळ चाललंय," तो म्हणाला. त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. "मला एक शब्द कळत नाहीये."

मी त्याला 'काही नाही, असंच' म्हणणार होते, पण मला आठवेना की मी ते कसं म्हणते. शब्द माहीत होते. पण माझा असा आवाज कुठे असतो, तो कुठून काढायचा, ते सापडेना. जन्मभर दुसऱ्यांचे हेल उचलत आले, आणि माझा स्वतःचा कोणता, हे कधी मी ऐकलंच नव्हतं. मी फोन उचलला आणि आईला लावला. म्हटलं, काहीही बोल, बोलत राहा. आईनं विचारलं नाही का म्हणून. ती मेथीबद्दल बोलली, शेजारच्यांच्या नव्या गाडीबद्दल बोलली, गुडघ्यांबद्दल बोलली. मी गॅस बंद करून जमिनीवर बसले आणि ऐकत राहिले. हळूहळू मी 'हो' म्हणाले, मग 'हो का' म्हणाले, मग 'अगं पण' म्हणाले. आईच्या इंदिरानगरच्या घरातून माझं बोलणं असं तुकड्यातुकड्यानं परत आलं. आल्हाद माझ्याशेजारी येऊन बसला होता. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "नको जाऊस तू तिकडे."

"ते जेवत नाहीत," मी म्हटलं.

 नंतरचे सगळे दिवस मी त्या घरातून निघाले की तो मला फोन करायचा, आणि मी घरी पोचेपर्यंत कानात त्याचा आवाज चालू असायचा. उगाच काहीतरी सांगत राहायचा. मी हरवू नये म्हणून.

मयुरेशला सांगायचं की नाही, हा प्रश्न होता. पण मालनबाईंनी सांगून टाकलं. तो एका दुपारी खाली आला, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला.

"आई माझ्याशी कधीच तसं बोलली नाही," तो म्हणाला. "मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं आई कमी बोलते. स्वभाव आहे तिचा." तो बोटांशी चाळा करत होता. "मॅडम, मी असताना... एकदा बोलाल का तुम्ही?"

मी त्याला म्हटलं, हे माझ्या हातात नाही रे. मी ठरवून काही म्हणू शकत नाही. आणि खरंच, तो बसला असताना माझ्या तोंडून एकही वेगळा शब्द आला नाही. मागे कसलाही वास नव्हता. जणू शाळेतून पोरगा घरी आला होता आणि कोणीतरी गप्प झालं होतं. त्याच्या ते लक्षात आलं असावं. तो वर निघून गेला.

हिवाळा सरला. बागांमध्ये घड भरले, कागदांनी झाकले गेले. काका आता माझ्या हातून जेवत होते, थोडी ताकद आली होती, पण शब्द नव्हता. आणि मला आता पूर्वीसारखी भीती वाटत नव्हती, हे सांगितलं पाहिजे. पाठीशी कोणीतरी उभं आहे, याची सवय होते. ते कोणी मला काही करत नव्हतं. एखादी बाई दारात उभी राहून, आपल्याला परवानगी आहे का याचा विचार करत असावी, तसं ते उभं राहणं होतं.

मग ती दुपार आली. ऊन कडक, वारा बंद. रस्त्यानं ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज लांब जाऊन विरला आणि त्यानंतर काहीच ऐकू येईनासं झालं. काका त्या दिवशी उदास होते. भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी म्हणणार होते, 'काका, जरा इकडे वळता का?' आणि माझ्या तोंडून आलं, "काब्र रुसेल शेत?" म्हणजे, का रुसला आहात.

काकांची पाठ थरथरली. ते हळूहळू वळले. दाराकडे बघत राहिले. त्यांचे ओठ हलायला लागले. इतके महिने मी ज्या हालचालीची वाट बघत होते ती. ओठ मिटले, पुन्हा मिटले, गळ्याची शीर ताठ झाली.

"ब..." ते म्हणाले. "ब... बोल."

 हा शब्द मी त्यांना रोज म्हणायचे. बोला काका, बोला. पण ते माझी नक्कल करत नव्हते. त्यांनी डावा हात माझ्या खांद्यावरून मागे, दाराच्या दिशेनं पुढे केला.

"बोल... तू. बोल."

आणि ती बोलायला लागली. मी ती म्हणते आहे, कारण मी बोलत नव्हते. वाक्यामागून वाक्य येत होतं. त्यातले थोडे शब्द मला कळले. शेत, बहीण, नदी, कोणाचं तरी लग्न. बाकी कळलं नाही. आवाज माझा होता आणि चाल तिची होती. इतकी वर्षं ओट्यापाशी जे साठलं होतं ते सगळं घाईत नाही, तर सावकाश, एकेक भांडं जपून खाली ठेवावं तसं बाहेर येत होतं. मध्येच मला भीती वाटली की हे थांबणारच नाही. मी जोर करून माझं नाव घ्यायचा प्रयत्न केला. "मनं नाव..." असं तोंडून आलं आणि पुढे काही नाही. गळा तसाच थांबून राहिला. कोणतं नाव सांगायचं याचा कोणीतरी माझ्या आत विचार करत होतं... आणि मग तिनं माझ्यावर दया केली असावी, नाव न घेताच बोलणं पुढे गेलं.

जिन्यावर मयुरेश येऊन उभा होता. या वेळी ती थांबली नाही.

काका रडत होते. अर्धा चेहरा हलत होता, अर्धा स्थिर होता, पण दोन्ही डोळ्यांतून पाणी येत होतं. ते मान डोलवत होते, हुंकार देत होते. मालनबाई दाराला टेकून तोंडात पदर धरून उभ्या होत्या.

शेवटी एक वाक्य आलं. ते शेवटचं आहे हे मला कळलं, कारण त्यासाठी माझा आवाज अगदी हळू झाला. त्याच क्षणी कारखान्याचं विमान घरावरून गेलं. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. माझे ओठ हलले, पण मी काय म्हटलं ते मलाही ऐकू आलं नाही. काका माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या ओठांकडे तर नव्हतेच. तरी त्यांनी ते पूर्ण ऐकल्यासारखी मान हलवली. या वेळी त्यांचं बोट वर उठलं नाही.

विमान गेलं. माझा घसा कोरडा पडला होता. मी म्हटलं, "पाणी द्या." माझ्या आवाजात.

मयुरेश खाली आला, कॉटजवळ गुडघे टेकून बसला. "बाबा," त्यानं विचारलं, "शेवटी काय म्हणाली आई?"

काकांनी बराच वेळ प्रयत्न केला. मग छातीवर हात ठेवला. "मा... झं," ते म्हणाले. आणि तोंडाच्या चालत्या बाजूनं हसले. तेवढं त्यांना स्वतःजवळ ठेवायचं होतं.

त्यानंतर त्यांना शब्द येत गेले. पाणी. मयू. बस. ये. एकदा मला "छान" म्हणाले. पण माझ्या तोंडी अहिराणीचा एकही शब्द पुन्हा आला नाही. दार रिकामं होतं, वास नव्हता, आणि काका आता माझ्या डोळ्यांकडे बघून बोलत होते. गुढीपाडव्यानंतर काही दिवसांनी, दुपारी जेवून झोपले ते उठलेच नाहीत. मी भेटायला गेले तेव्हा मयुरेश शांत होता. मालनबाई म्हणाल्या, "दोघं बरूबर असतील आता." मलाही तेच वाटलं. त्या संध्याकाळी स्कूटरवरून परत येताना माझा मलाच आवाज ऐकू यावा म्हणून मी मोठ्यानं बोलत आले. चांगला वाटला मला तो. पहिल्यांदाच.

आता परवाची गोष्ट. मयुरेशचा सकाळी फोन आला. काकांची कॉट आणि चाकांची खुर्ची कोणा गरजूला द्यायची होती, माझ्या ओळखीत कोणी आहे का विचारत होता. मी त्याला त्याचं कसं चाललंय ते विचारलं. बरं चाललंय म्हणाला. मालनबाई त्यांच्या मुलाकडे गावी राहायला गेल्या होत्या, घरात तो एकटाच होता. स्वयंपाकही स्वतःच करायला शिकला होता.

मी ऐकत होते आणि माझं लक्ष त्याच्या शब्दांवरून उडालं. शब्द नेहमीचे होते. पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी त्याचा आवाज हलकेच खाली ठेवला जात होता.

मला वाटलं, भास असेल.  तो खुर्चीच्या एका सैल झालेल्या चाकाबद्दल सांगत होता. सांगता सांगता त्यानं तोंड फोनपासून थोडं बाजूला केलं आणि अगदी सहज, लाडानं, कंटाळून म्हणाला, "हो गं, खातो. बोलणं तर होऊ दे." आणि पुन्हा चाकाबद्दल सांगायला लागला.

"मयुरेश," मी विचारलं, "घरात कोण आहे?"

"घरात?" तो म्हणाला. त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "कोणी नाही. का हो?"